साठीनंतरची वाइड लेग जीन्स: वर काय घालावे हा पुढचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ६३, उंची पाच फूट एक इंच, पोट थोडे सुटलेले. सुनेने गडद निळी वाइड लेग जीन्स आणून दिली. ती कमरेला बसते, तरी अंगात घातली की आपण आणखी बुटक्या आणि आडव्या दिसतो असे तुम्हाला वाटते. आजवर साडी आणि पंजाबी ड्रेस हाच पोशाख असल्यामुळे हिच्यावर कोणता कुर्ता चालेल, पायांत काय घालावे आणि मुळात या वयात ती शोभेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात बायकांचे कपडे बेतण्याचे आणि तयार कपडे अंगाबेताचे करून देण्याचे काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी पंचावन्नच्या पुढच्या आहेत, आणि त्यांची कामे करताना जे लक्षात आले त्याच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

वयाचा मुद्दा आधी मोकळा करते, कारण त्यात फारसे काही नाही. जीन्स ही तरुण मुलींसाठी निघालेली वस्तू कधीच नव्हती. १८७३ मध्ये अमेरिकेत जेकब डेव्हिस आणि लिव्हाय स्ट्रॉस यांनी पेटंट घेतले ते अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांच्या पॅन्टचे खिसे रिव्हेट मारून पक्के करण्याचे, आणि खास बायकांच्या मापाची जीन्स त्याच कंपनीने काढली ती १९३४ मध्ये. कासोट्याची नऊवारी नेसून शेतात राबलेल्या आपल्या आज्यांना पाय मोकळे ठेवणारा पोशाख काही नवा नव्हता. मला तर उलट वाटते की जीन्सच्या सगळ्या प्रकारांत हाच प्रकार साठीनंतरच्या शरीराला सर्वांत सोयीचा आहे. बेलबॉटम मांडीला घट्ट असे आणि गुडघ्याखाली फुले. वाइड लेग मात्र नितंबापासून खाली सैल उतरते, त्यामुळे मांडीला कापड चिकटत नाही, गुडघ्याचा पट्टा किंवा व्हेरिकोज व्हेन्सचे मोजे आत सहज मावतात, आणि खुर्चीतून उठताना गुडघ्यात कापड अडकत नाही. एकेकाळी आपल्याकडे ज्याला पॅरलल म्हणत त्याचीच ही भावंडे आहेत.

आता मूळ अडचणीकडे येते. वर काय घालावे असे तुम्ही विचारले आहे, पण तुमच्या वर्णनावरून मला असे दिसते की ही जीन्स अजून तुमच्या मापाची झालेलीच नाही, आणि तोपर्यंत वरचे कितीही कपडे बदलून पाहिले तरी आरशात फारसा फरक दिसणार नाही. या पोशाखात तीन आडव्या कडा असतात: बेल्टची, म्हणजे जीन्सच्याच कमरेच्या पट्टीची, कुर्त्याच्या तळाची आणि मोहरीची, म्हणजे पायाच्या खालच्या घेराची. कुर्ता नितंबाच्या सर्वांत रुंद जागी संपला आणि मोहरी पावलावर गोळा झाली, तर त्या दोहोंमध्ये जीन्सचा जो तुकडा दिसतो तो जवळजवळ जेवढा उंच तेवढाच रुंद असतो, आणि नजर नेमकी त्यावरच थांबते. साडीत असे होत नाही, कारण निऱ्या कमरेपासून पायापर्यंत न तुटता उभ्या उतरतात. पाच फुटांची बाई साडीत उंच वाटते त्याचे कारण मुख्यतः हेच. वाइड लेग जीन्सकडूनही तेच काम करून घेता येते, फक्त तिला वरपासून खालपर्यंत सरळ उतरू द्यावे लागते.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत हे आधीच सांगते. रुंदी पोटाकडे आहे की नितंबाकडे, पाठीला किती बाक आला आहे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, दिवसाकाठी किती जिने चढावे लागतात आणि रोजच्या वापरात चप्पल आहे की बूट, यांवर मापे बदलतात. म्हणून पुढे दिलेले इंच सुरुवातीचा अंदाज समजावेत; शेवटचा निर्णय टाचण्या लावून, तुमच्या अंगावरच करायचा आहे.

पहिली गोष्ट उंची, आणि माझ्या मते निम्मे काम एवढ्यानेच होते. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईची आतल्या बाजूची पायाची लांबी साधारण २७ ते २८ इंच भरते, आणि पूर्ण लांबीच्या तयार वाइड लेग जीन्स बहुधा ३० ते ३२ इंचांच्या येतात. वय वाढते तशी उंची थोडी घटते, हेही लक्षात असू द्यावे. दहा वर्षांपूर्वी मोजलेला आकडा आज तसाच धरून चालणार नाही. मात्र कात्री लावण्याआधी जीन्स दोनदा धुऊन, तुम्ही नेहमी वाळवता तशीच वाळवून घ्यावी. कारखान्यात आटवून घेतलेले सुती डेनिमही घरच्या धुण्यात दोन-तीन टक्के आटू शकते, म्हणजे तीस इंचांमागे जवळपास एक इंच, आणि आधीच बेताची कापलेली जीन्स त्यानंतर घोट्याच्या वर जाऊन बसते.

माप देताना बहुतेक जणी एक गोष्ट करतात: ताठ उभ्या राहतात आणि शिंपी टाचणी लावत असताना खाली वाकून पाहतात. वाकले की मोहरी पुढून खाली येते आणि मागून उचलली जाते, म्हणजे लागलेले माप खोटे ठरते. नेहमी जेवढा बाक असतो तेवढ्याच बाकाने उभे राहावे, नजर समोरच्या भिंतीवर ठेवावी, बेल्ट ज्या जागी दिवसभर राहणार आहे तिथेच तो ओढून घ्यावा, आणि दोन्ही पायांची मापे वेगवेगळी घ्यायला सांगावे. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांमध्ये दोन्ही बाजूंत थोडा फरक निघणे मुळीच नवलाचे नाही, आणि एवढ्या रुंद मोहरीत तो फरक लगेच डोळ्यांत भरतो.

उंची किती ठेवायची हे पादत्राणावर ठरते, म्हणून मापाला जाताना तीच चप्पल किंवा बूट पायात असला पाहिजे. मागून बंद असलेल्या बुटावर मोहरी मागच्या बाजूने जमिनीपासून एक ते दीड सेंटिमीटर वर असली की कापड पायाला सलग उतरलेले दिसते आणि घासतही नाही. उघड्या टाचेच्या चपलेवर हे माप धोक्याचे आहे. चालताना टाच उचलली जाते, मोहरी अलगद टाच आणि चप्पल यांच्यामध्ये सरकते, पुढच्या पावलाला तीच कड पायाखाली दाबली जाते आणि तोल जातो. कोल्हापुरी किंवा साधी चप्पल हेच रोजचे पादत्राण असेल तर मोहरी घोट्याच्या हाडाशी, म्हणजे पाय जिथे सर्वांत बारीक असतो तिथेच संपवावी. जीन्स थोडी आखूड दिसते, पण घोटा दिसत राहिल्याने पायाचा जडपणाही कमी वाटतो. एकच जीन्स बूट आणि चप्पल दोन्हींवर वापरायची असेल तर माप चपलेचे द्यावे. उंची हवी म्हणून टाचेचे सँडल घ्यायला मी या वयात सांगत नाही. सगळीकडे सारखा एक-सव्वा इंच जाडीचा तळवा आणि मागे पट्टा असलेले सँडल तेवढेच काम करतात आणि पाय घट्ट धरून ठेवतात.

टाचण्यांऐवजी कच्चे टाके घालून घेतले, तर दुकानातच दोन पायऱ्या चढून-उतरून पाहता येते. एका पायाचा चवडा दुसऱ्या पायाच्या मोहरीत अडकत असेल, तर उंची बरोबर असूनही घेर जास्त आहे असे समजावे. मॉलमधल्या किंवा मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर हा घेर कडेला घासू नये म्हणून मधोमध उभे राहावे, आणि पावसाळ्यात बाहेर पडायचे असेल तर ही जीन्स सरळ घरी ठेवावी. भिजलेली मोहरी पाणी वरपर्यंत ओढते आणि दिवसभर वाळत नाही.

दुसरी गोष्ट आसन, म्हणजे बेल्टच्या वरच्या कडेपासून दोन पायांच्या सांध्यापर्यंतचे पुढचे माप. हल्ली वाइड लेगमध्ये बारा इंच आसनाच्या जीन्स पुष्कळ येतात. उंच मुलीला ते छान दिसते, पण तुमच्या उंचीला तोच बेल्ट बरगड्यांच्या जवळ पोचतो, वरचा देह आखूड होतो आणि बसल्यावर बेल्ट पोटात रुततो. उलट आठ इंचांचे आसन पोटाच्या खाली संपते आणि पोट त्यावर ओघळते. तुमच्या वर्णनाच्या बाईला दहा ते साडेदहा इंचांचे आसन बहुधा बरोबर पडते; बेल्ट बेंबीच्या आसपास येतो आणि पोट बेल्टच्या आत, सपाट कापडाखाली राहते. हे दुकानात उभे राहून कळत नाही. खुर्चीत बसावे, पुढे वाकून चपलेच्या पट्ट्याला हात लावावा. त्या वेळी मागे बेल्ट खाली सरकला किंवा पुढे श्वास अडला, तर माप चुकले आहे.

वयाबरोबर नितंब सपाट होतात आणि मागे, मांडीच्या वर, कापडाचा झोळ पडतो. बायका तो पाहून एक नंबर लहान जीन्स घेतात आणि मग पोटाला आवळते. झोळाचा इलाज नंबरात नाही, मागच्या आसनाच्या शिलाईत आहे. जाणकार शिंपी मागची मधली शिलाई उसवून अर्धा-पाऊण इंच आत घेतो आणि बेल्टही त्याच जागी जोडून घेतो. ही शिलाई जीन्समध्ये दुहेरी दुमडीची असते, त्यामुळे काम वेळखाऊ आहे आणि त्याचे पैसे थोडे जास्त पडतात, पण पडू द्यावेत. कमरेला मागे फट राहत असेल तर बेल्टच्या मागच्या अर्ध्या भागात सव्वा इंच रुंदीचे इलॅस्टिक घालून घ्यावे. पुढचा भाग सपाटच राहतो, आणि जेवणानंतर कंबर दीड-दोन इंच वाढते त्याची सोय होते. अंगठ्याच्या सांध्यात दुखणे असेल तर जीन्सचे धातूचे बटण काढून तिथे पॅन्टचा चपटा हुक लावून घ्यावा आणि चेनच्या टोकाला छोटी कडी ओवावी. या गोष्टी कोणाला दिसत नाहीत, पण प्रवासात स्वच्छतागृहात घाई असते तेव्हा यांचीच किंमत कळते.

तिसरी गोष्ट घेर. पाच फूट एक इंच उंचीला मोहरी पूर्ण गोलाईत १८ ते २० इंच असावी. चोवीसच्या पुढे गेली की पाऊल कापडात बुडते आणि बाई दिसायची थांबते, जीन्सच दिसते. घेर कमी करायचा तर तो बाहेरच्या बाजूच्या शिलाईतून करावा, कारण बहुतेक बायकांच्या जीन्समध्ये आतली शिलाई वरून दाबलेली असते आणि बाहेरची साधी, उसवायला सोपी. मात्र घेर मांडीपासून सरळ रेषेत घ्यायला सांगावा. फक्त गुडघ्याखाली आवळला तर पाय गाजरासारखा निमुळता होतो आणि नितंब होते त्याहून मोठे दिसतात. खालची मूळ फिकट दुमड कापून पुन्हा जोडून मिळते. पाय सरळ असेल तर ती बिनचूक बसते, पण खाली पसरत जाणारा असेल तर कापलेल्या जागेचा घेर आणि दुमडीचा घेर जुळत नाही, तेव्हा नवी साधी दुमड घालणेच बरे.

शिंप्याकडे काम कोणत्या क्रमाने द्यायचे ते एकदा सलग सांगते, कारण क्रम उलटला तर पैसे दोनदा जातात. आधी धुणे, मग कंबर आणि मागचे आसन, त्यानंतर घेर, आणि उंची सर्वांत शेवटी, कारण वर काहीही घेतले की खालची कड हलते.

एवढे झाले की वर काय घालावे हा प्रश्न बराच सोपा होतो. पंजाबी ड्रेसची सवय असलेल्या जणी हमखास गुडघ्याच्या थोडा वर संपणारा, ३४ ते ३६ इंचांचा कुर्ता जीन्सवर घालतात. बुटक्या बांध्याला वाइड लेगवर मला सर्वांत न आवडणारी लांबी हीच आहे. मांडीच्या खालच्या भागात आडवी कड येते, खाली रुंद कापड उरते आणि पाय गुडघ्यापासूनच सुरू झाल्यासारखे वाटतात. तुमच्यासाठी खांद्यापासून २२ ते २४ इंचांचा आखूड कुर्ता किंवा शर्ट, जो नितंबाच्या रुंद जागेच्या वरच संपतो, हा माझा पहिला सल्ला राहील. नेमकी लांबी काढायला नवीन काही विकत आणू नका. घरातला जुना कुर्ता जीन्सवर घाला, तळ आतून दुमडून टाचण्या लावा आणि एकेक इंच वर घेत जा. एका जागी पाय अचानक लांब वाटू लागतात. तो आकडा लिहून ठेवा, आणि पुढचे सगळे कुर्ते त्याच लांबीचे बेतून घ्या.

कंबर इतकी उघडी पडणे तुम्हाला अवघड वाटेल हे मी समजू शकते. नितंब झाकलेले असावेत हा संकोच आयुष्यभराचा असतो आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अशा वेळी आखूड कुर्ता गडद निळाच घ्यावा, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच रंग राहील, आणि त्यावर समोरून पूर्ण उघडे, मांडीपर्यंतचे पातळ जॅकेट घालावे. जॅकेटच्या दोन्ही कडा उभ्या उतरतात, बाजू झाकल्या जातात आणि मधला निळा पट्टा सलग राहतो. ओढणी दोन्ही खांद्यांवरून सरळ पुढे सोडली तरी थोड्याफार प्रमाणात हेच साधते. खणाचे बिनबाह्यांचे जॅकेट यावर मला फार आवडते. खण मुळातच कमी पन्ह्याचा असल्यामुळे पाठीत मधोमध जोड द्यावा लागतो, तो उभा येतो आणि फायद्याचाच ठरतो. पोटरीपर्यंतचा लांब कुर्ताही चालतो, पण त्याचे कट नितंबाच्या वरपर्यंत हवेत, कुर्ता अंगाला बेताचा हवा आणि खालची मोहरी अठरा इंचांच्या आत हवी. अनारकलीसारखा घेरदार कुर्ता मात्र या जीन्सवर घालूच नये.

शर्ट खोचायचा असेल तर सगळा खोचू नये. समोरचा चार-पाच इंचांचा भाग बटणाजवळ आत घ्यावा आणि बाजू मोकळ्या सोडाव्यात. पोटाच्या कडा झाकलेल्या राहतात आणि बेल्टची जागा तेवढी कळते. खाली कापड सैल आहे म्हणून वरही सैल, हे चालत नाही. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे आणि बाही मनगटाच्या थोडी वर, पाऊण असावी. पाठीला बाक असेल तर तयार कुर्ता मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो. बेतून घेताना मागची लांबी दीड-दोन सेंटिमीटर जास्त ठेवायला सांगितले की तळाची कड सरळ दिसते. ताठ कॉलर अशा पाठीवर मानेपासून सुटून उभी राहते, म्हणून मऊ कॉलर किंवा इंग्रजी व्ही आकाराचा गळा बरा.

कापडाविषयी थोडेच सांगते. डेनिमचे वजन चौरस यार्डाला औंसांत मोजतात. आठ ते दहा औंसांचे कापड वाइड लेगला चांगले, कारण ते अंगावरून खाली उतरते. बारा-चौदा औंसांचे उभेच राहते आणि तेवढी रुंदी वाढवते. लेबलवर वजन क्वचितच लिहिलेले असते, तेव्हा बेल्टला धरून जीन्स एकदा झटकावी. घड्या लगेच मोडून पाय सरळ लोंबले तर कापड योग्य आहे. इलास्टेन, म्हणजे ताणले जाणारे सूत, एक-दोन टक्के असावे, जास्त असेल तर गुडघ्यात पोंगा येतो. मांडीवर मुद्दाम पांढरट केलेल्या जीन्स टाळाव्यात, कारण नजर तिथेच जाते. तुमची गडद निळी आहे ते चांगलेच झाले. तिचा रंग सुरुवातीला जाईल, त्यामुळे ती उलटी करून, गार पाण्यात, वेगळी धुवावी. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने नीळ पक्की होत नाही, कारण ती धाग्याच्या वरच्या थरांतच बसलेली असते, आणि फिकट रंगाच्या चामडी चपलेवर तिचे डाग पडले तर निघत नाहीत.

शेवटी एक खर्चाची गोष्ट. कंबर, घेर आणि उंची शिंपी दुरुस्त करू शकतो, मागचा झोळही बराच काढू शकतो. पण पुढचे आसन दीड-दोन इंचांनी मोठे असेल तर चेन, खिसे आणि बेल्ट सगळेच उसवावे लागते, आणि तरीही काम सुबक होत नाही. म्हणून जीन्स धुण्याआधी, तिचे लेबल अजून शाबूत असतानाच, तुम्हाला चांगल्या बसणाऱ्या एखाद्या पॅन्टचे आसन टेपने मोजा आणि हिच्याशी ताडून पाहा. फरक अर्ध्या-पाऊण इंचाचा असेल तर ठेवा. त्याहून जास्त असेल तर सुनेकडून पावती घ्या आणि बदलून आणा. दुकानात ‘पेटिट’ नावाने आखूड बांध्याची मापे मिळतात का ते आधी विचारा, आणि मिळत नसतील तर कमरेचा नंबर बाजूला ठेवून आसनाचे माप घेऊनच दुसरी निवडा.